कूलर न्यावा की एसी घ्यावा?

भाच्याची नागपूरहून ठाण्याला बदली झाली. "मामा, कूलर सोबत नेऊ का?" खोक्यावर छापलेले अंश विसर म्हटलं, थर्मामीटरच्या टोकाला ओलं फडकं गुंडाळ. हलत्या हवेत तो जिथे थांबतो ते वेट बल्ब तापमान. साधा कूलर त्याखाली जाऊच शकत नाही.

गारवा: नागपूरच्या मे महिन्यात हवा 43 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर वेट बल्ब साधारण 25 येतो. चांगल्या ताट्या (कूलरच्या ओल्या जाळ्या) हवा आणि वेट बल्ब यांतल्या फरकाचा 80 टक्के पल्ला गाठतात, म्हणजे झोत 28-29 अंशांचा. ठाण्यात 33 अंश, 70 टक्के धरा. वेट बल्बच 28 च्या वर! झोत 29 चा मिळेल, पण नव्वदीपार आर्द्रतेचा. घाम वाळणार कसा? कूलर हवेतली उष्णता बाहेर काढत नाही, ती पाणी उडवण्यात खर्च करतो. एन्थाल्पी, म्हणजे हवा आणि तिच्यातली वाफ यांची मिळून एकूण उष्णता, जवळपास तीच राहते. एसीची कॉइल दवबिंदूखाली (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं) जाते आणि पाणी निथळून काढते.

वीज: कूलर दोनेकशे वॉट, दीड टनी एसी दीड हजाराच्या आसपास.

कटकट: कूलरला रोज पाणी, ताट्यांवर क्षार, शिवाय खिडकी उघडी हवी. एसीला बंद खोली.

विदर्भातल्या कोरड्या उन्हाळ्याला कूलरच. ठाण्याला एसी, किंवा बजेट नसेल तर नुसता पंखा. भाच्याने कूलर शेजाऱ्यांना दिला.