बनेश मोठा होत नाही, हॅरी होतो: घरात आधी कोण आणावा?

आमची थोरली पाचवीत गेली तेव्हा मला हे ठरवायला लागलं. शाळा इंग्रजी माध्यमाची, जोडीला कन्नड, मराठी काय ती घरात. बोलायला फाडफाड, पण वाचताना जोडाक्षर आलं की गाडी थांबली. बेळगावात आमच्या गल्लीतल्या निम्म्या पोरांचं हेच आहे. तिला मराठी वाचायची गोडी लावायची तर सुरुवात भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेपासून, म्हणजे बनेश फेणेपासून करावी, की हॅरी पॉटरच्या मराठी अनुवादापासून? म्हणजे कधीच न वाढणारा पोरगा द्यावा, की पानागणिक मोठा होणारा?

न वाढणाऱ्यांची फौज तशी दांडगी आहे. चिंटू 1991 साली पेपरात आला आणि तेवढाच राहिला. टिनटिन 1929 पासून 1976 पर्यंत जगभर हिंडला, मिशी काही फुटली नाही. आमच्या शेजारच्या कन्नड काकूंचा जीव मालगुडीच्या स्वामीवर. तोही शाळकरीच.

वाढणाऱ्यांचं मोठेपण मी नाकारत नाही. हॅरी पहिल्या भागात अकरा वर्षांचा होतो, सातव्यात सतराचा. मधली भांडणं पुढच्या वर्षी आठवणीत राहतात, गेलेलं माणूस गेलेलंच राहतं. (कोण जातं ते सांगत नाही, घरात वाचणारं कोणी असेल.) फेणेचं तसं नाही. गोष्ट संपली की पाटी कोरी. चार पुस्तकं झाल्यावर लेकीने विचारलंच, "बाबा, हा नापास झालाय काय? किती वर्षं त्याच शाळेत?" माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

श्यामला मी या वादात धरत नाही. तो आधीच मोठा झालेला आहे आणि रात्री बसून लहानपण सांगतोय. दोन्हीकडचा फायदा एकट्याने घेतलाय.

तरी माझं पारडं फिरलं ते एका फालतू वाटणाऱ्या कटकटीमुळे. ती म्हणजे क्रम. हॅरीचे तीन भाग तिने कसेबसे, पण आवडीने संपवले. चौथा वाचनालयातून कोणीतरी नेलेला. आज येईल, उद्या येईल करत दोन महिने गेले. काउंटरवरच्या गृहस्थांनी प्रेमाने पाचवा पुढे केला, "हा न्या की, काय फरक पडतोय?" पडतो हो. पाचवा सगळ्यात जाड, त्यात दर दोन पानांनी प्रश्न: हे कधी झालं, हा असा का वागतोय? मलाही धड सांगता येईना. कोल्हापूरला जाणाऱ्या पाहुण्याला यादी दिली, तर तो पहिला आणि सहावा घेऊन आला! दसऱ्याच्या सुट्टीत मराठी वाचन जे थांबलं, ते सुट्टी संपेपर्यंत थांबलंच.

फेणेचं पुस्तक कव्हर फाटलेलं मिळो, मधलंच मिळो, बनेश फुरसुंगीचाच आणि तोंडाने काढतो ते 'ट्टॉक' तेच. कुठूनही सुरू करा. मराठी पुस्तकं जिथे येतील तशी, हाताला लागतील तशी वाचायची असतात, तिथे याला फार किंमत आहे. पुण्यात राहणाऱ्याला ही अडचण कदाचित वाटणारही नाही.

आणखी एक, जरा कमी महत्त्वाचं. हॅरीचे भाग 1997 ते 2007 असे थांबत थांबत आले, तेव्हाची मुलं त्याच्याबरोबर वाढली. आता सातही भाग तयार. वाचणारं पोरगं असेल तर एका मे महिन्यात अकराचं सतराला भिडतं. ते बरं की वाईट, ज्याने त्याने ठरवावं.

2017 च्या सिनेमात फेणेलाही मोठा केला होता, पार वैद्यकीय प्रवेश परीक्षेपर्यंत. मला आवडला. लेक अर्ध्यात उठली, "हा तो नव्हे."

तेव्हा सातही भाग एकगठ्ठा घरात येणार असतील, तर हॅरी खुशाल आणा, मी आडवा येणार नाही. भाग सुटे मिळणार असतील तर आधी फेणे. खानापूरचा भाचा यंदा पाचवीत जातोय, त्याच्यासाठी तीन काढून ठेवलेत. त्यातल्या एकाची पहिली आठ पानं नाहीत. चालतंय.