पाडव्याला घेतलेल्या फोर्ज्ड सुऱ्या, आठ महिन्यांनंतर

नाशिकच्या इंदिरानगरला माझा घरगुती डब्यांचा व्यवसाय आहे. रोज तीस डबे, म्हणजे चार-पाच किलो कांदा, कोबी, फरसबी आणि आठवड्यातून दोनदा लाल भोपळा. आधी साध्या पत्र्याच्या सुऱ्या वापरायचे. दर दोन महिन्यांनी नवी आणायची, बोथट सुरीवर जोर द्यायचा आणि रात्री मनगट शेकत बसायचं. गुढीपाडव्याला मन घट्ट करून फोर्ज्ड, म्हणजे पोलाद तापवून, ठोकून घडवलेल्या तीन सुऱ्यांचा जर्मन संच घेतला. आठ इंची मोठी सुरी, साडेतीन इंची छोटी आणि दातेरी पावाची. सतरा हजारांच्या आसपास गेले.

त्याआधी एक संच ऑनलाइन मागवला होता, तो परत केला. खोक्यावर ‘फोर्ज्ड’ छापलं होतं, पण सुरी उभी धरून पाठीकडून पाहिलं तर मुठीपासून टोकापर्यंत एकसारखी जाडी. पत्र्यातून कापलेलं पातं आणि गळ्याशी, म्हणजे पातं मुठीला मिळतं तिथे, वरून जोडलेला जाड तुकडा. चांगल्या घडीव सुरीची पाठ मुठीजवळ जाड असते आणि टोकाकडे निमुळती होत जाते. दुकानात गेलात तर आधी हे बघा. मग मूठ बघा. पात्याचंच पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, आणि मूठ पक्की करणाऱ्या रिव्हेटच्या खिळ्यांवरून अंगठा फिरवला तर कुठेही फट लागता कामा नये. फटीत पाणी आणि मसाला अडकतो.

माझे मिस्टर सातपूरला टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्याची हत्यारं बनवतात त्या विभागात आहेत. त्यांचं म्हणणं, नुसतं ठोकल्याने धार टिकत नाही, पोलाद कुठलं आणि हार्डनिंग-टेम्परिंग, म्हणजे तापवून-निववून त्याला कडकपणा देणं, कसं झालंय यावर सगळं आहे. माझ्या पात्यावर एक्स ५० सीआर एमओव्ही १५ असं कोरलंय. म्हणजे साधारण ०.५ टक्के कार्बन आणि १५ टक्के क्रोमियम. क्रोमियममुळे अख्खा पावसाळा जाऊनही गंजाचा ठिपका नाही, आणि चिंच-लिंबाने पातं काळं पडत नाही. कडकपणा, रॉकवेल या मापावर, ५६ ते ५८. जपानी सुऱ्या ६० च्या पुढे जातात, त्यांची धार जास्त टिकते, पण त्या चटकन टवकतात. माझ्या स्वयंपाकघरात तीन बायकांचे हात लागतात, तिथे ते परवडलं नसतं.

रोजच्या कामात फरक किती? उन्हाळ कांद्याची कोरडी, चिवट साल आधी सुरीखालून निसटायची. आता सुरी नुसती टेकवून पुढे ढकलली की आत जाते. पातळ चिरलेल्या कांद्याच्या कडा ओल्या, चिरडलेल्या दिसत नाहीत आणि डोळ्यांतून पाणीही कमी येतं. पाच किलोला पूर्वी तास लागायचा, आता चाळीस मिनिटं. पहिला आठवडा सुरी जड वाटली. मग मूठ मागे न धरता पात्याचा गळा अंगठा आणि तर्जनीत धरायला शिकले, तेव्हा वजन आपोआप कामाला आलं. मनगट शेकणं बंद झालं.

जुलैत मात्र घात झाला. मदतनीस ताईंनी मोठ्या सुरीने नारळ फोडायला घेतला आणि धारेला एक मिलिमीटरचा टवका गेला. सासूबाई म्हणाल्या, “अगं, नारळ विळीवरच घ्यायचा असतो.” खरं होतं. पण पुढची चूक माझी. दारावर आलेल्या धारवाल्याकडे सुरी दिली. कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या आणि धारेच्या कडेला निळसर पट्टा आला. मिस्टर आले, बघितलं आणि म्हणाले, “टेम्पर गेलं.” म्हणजे उष्णतेने तिथलं पोलाद मऊ पडलं. त्या जागची धार दोन दिवसांत लोळायची. तो भाग दगडावर घासून काढायला तीन रविवार गेले.

तेव्हापासून धार घरीच लावते. हजार ग्रिटचा (ग्रिट म्हणजे दगडाच्या कणांचा बारीकपणा) दगड पाण्यात भिजवायचा, सुरीची पाठ खाली करंगळी मावेल इतकी उचलायची आणि एका बाजूने घासत राहायचं. दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागली, यांच्या भाषेत बर आली, की सुरी उलटायची. महिन्यातून एकदा वीस मिनिटं पुरतात. मधल्या काळात रोज सकाळी धारेच्या सळईवरून चार-पाच हात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापलं तर ही मेहनत एका दिवसात वाया जाते, म्हणून मेन रोडवरून भाजी चिरायचा जाड लाकडी पाट आणला.

तक्रार एकच. माझ्या सुरीचा जाड गळा थेट धारेपर्यंत खाली आलाय. त्यामुळे टाचेकडचा, म्हणजे धारेचा मुठीजवळचा भाग दगडाला नीट टेकत नाही, आणि तेवढी जागा आत्ताच किंचित पोकळ दिसतेय. आज घेतली असती तर अर्ध्या गळ्याची, म्हणजे गळा धारेपर्यंत न येणारी घेतली असती.

पावाची सुरी आठ महिन्यांत फार तर पाचदा निघाली. मोठी आणि छोटी सुट्टी घ्या, उरलेल्या पैशांत दगड आणि पाट येतो. नारळ, सुरण आणि हाडाचं मटण यांच्यासाठी घरातली विळी आणि कोयता राहू द्या.