मुत्सद्द्यांचे व्हिएन्ना : अडीच तासांच्या पायी फेरीचे परीक्षण

व्हिएन्नाच्या जुन्या शहरात मार्गदर्शकासह निघणाऱ्या फेऱ्यांना तोटा नाही. मोझार्ट, सम्राज्ञी एलिझाबेथ ऊर्फ सीसी, वाल्ट्झ आणि केक एवढ्या भांडवलावर त्यांतल्या बहुतेकींचे चालते. त्या गर्दीत शहराच्या राजनैतिक इतिहासाला वाहिलेली एक इंग्रजी फेरी दिसली आणि ती घेतली. फेरी काढणारी संस्था लहान आहे. तिचे नाव येथे देत नाही, कारण याच मार्गाने जाणाऱ्या फेऱ्या इतरही काढतात आणि त्यांचे गुणदोष थोड्याफार फरकाने सारखेच असणार. ऑस्ट्रियात मार्गदर्शकाला परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो. आमच्या मार्गदर्शक बाईंकडे तो होता आणि त्यामागचा अभ्यास पहिल्या काही मिनिटांतच जाणवला.

सुरुवात आल्बर्टिना संग्रहालयासमोरच्या चौकात, म्हणजे सरकारी ऑपेरागृहाच्या पाठीमागे होते. ऑपेरागृहाची माहिती चोख होती : 1869 मध्ये मोझार्टच्या 'डॉन जोव्हानी'ने उद्घाटन, 12 मार्च 1945 च्या बॉम्बवर्षावात झालेली राखरांगोळी, आणि 5 नोव्हेंबर 1955 रोजी बेथोव्हेनच्या 'फिदेलिओ'ने झालेला पुनःप्रारंभ. मात्र या तारखेतला खरा अर्थ सांगायचा राहून गेला. 26 ऑक्टोबर 1955 रोजी, चारही विजेत्या राष्ट्रांच्या फौजा देशाबाहेर गेल्यावर लगेच, ऑस्ट्रियाने कायम तटस्थतेचा कायदा केला आणि त्यानंतर दहाच दिवसांनी, तुरुंगातून होणाऱ्या सुटकेची कथा सांगणारी ही संगीतिका रंगमंचावर आली. या शहरात संगीत आणि परराष्ट्र धोरण किती लागून चालतात हे सांगण्याची याहून चांगली संधी मिळणे कठीण होते.

हॉफबुर्ग राजवाड्याचा भाग झटपट उरकला जातो, आणि ते बरेच आहे. त्यात थांबण्यासारखी एक जागा योसेफ्सप्लात्झ या चौकात आहे. तेथील रेडूटेन दालनांत 1814 च्या, नेपोलियननंतरच्या युरोपची घडी बसवणाऱ्या व्हिएन्ना परिषदेचे मुखवट्यांचे नाच झाले आणि त्याच जागी 18 जून 1979 रोजी अमेरिकेचे कार्टर आणि सोव्हिएत संघाचे ब्रेझनेव्ह यांनी सामरिक शस्त्रांवर मर्यादा घालणाऱ्या दुसऱ्या 'सॉल्ट' करारावर सह्या केल्या. मधल्या काळात साम्राज्य गेले, राजघराणे गेले, दोन महायुद्धे होऊन गेली. पाहुण्यांची ऊठबस तेवढी चालू राहिली. आजही 57 सदस्य राष्ट्रांच्या युरोपीय सुरक्षा व सहकार्य संघटनेच्या बैठका हॉफबुर्गमध्येच भरतात. हे ऐकताना समोरच्या भिंतींकडे पाहण्याची नजर बदलते, आणि अशा फेरीकडून तेवढीच अपेक्षा असते.

हेल्डेनप्लात्झ या विस्तीर्ण चौकात मार्गदर्शकाची खरी कसोटी लागते. 15 मार्च 1938 रोजी नव्या राजवाड्याच्या सज्जातून हिटलरने केलेले भाषण ऐकायला येथे अफाट गर्दी लोटली होती. ही गोष्ट दोन वाक्यांत गुंडाळून घोड्यावरच्या पुतळ्यांकडे वळणारे अनेक असतात. आमच्या बाईंनी तसे केले नाही. मित्रराष्ट्रांनी 1943 च्या मॉस्को जाहीरनाम्यात ऑस्ट्रियाला हिटलरच्या आक्रमणाचा पहिला बळी म्हटले आणि युद्धानंतर देशाने कित्येक दशके त्याच शब्दांचा आडोसा घेतला, हे त्यांनी स्पष्टपणे सांगितले. 1986 मध्ये राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार कुर्ट वाल्डहाइम यांच्या युद्धकाळातील भूतकाळावरून वादळ उठले आणि 1991 मध्ये चान्सलर (सरकारप्रमुख) फ्रान्झ व्रानित्स्की यांनी संसदेत ऑस्ट्रियन लोकांच्या वाट्याची जबाबदारी मान्य केली, तेव्हा कुठे तो आडोसा दूर झाला. यजमान म्हणून सर्वांना हवेसे वाटणारे शहर स्वतःच्या इतिहासाशी मात्र उशिरा प्रामाणिक झाले, ही बोच या फेरीने लपवली नाही.

तेथून काही पावलांवर असलेले बालहाउसप्लात्झ हे या फेरीचे हृदय आहे. योहान लुकास फॉन हिल्डेब्रांट या वास्तुकाराने अठराव्या शतकाच्या आरंभी बांधलेली, आज चान्सलरचे कार्यालय असलेली ही इमारत बाहेरून अगदी साधी वाटते. सप्टेंबर 1814 ते जून 1815 या काळात व्हिएन्ना परिषदेच्या वाटाघाटी ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री मेटर्निख याने येथूनच चालवल्या. 23 जुलै 1914 रोजी सर्बियाला दिलेला, पहिल्या महायुद्धाला निमित्त ठरलेला निर्वाणीचा खलिताही येथूनच निघाला. जुलै 1934 मध्ये नाझी बंडखोरांनी चान्सलर डॉलफुस यांना याच इमारतीत गोळ्या घातल्या. शंभर वर्षांची शांतता पुष्कळशी टिकवून धरणारी व्यवस्था आणि तिला चूड लावणारा कागद एकाच पत्त्यावरून जातात, असे दुसरे ठिकाण युरोपात सहज आठवत नाही.

आत जाता येत नसल्यामुळे येथे सारी भिस्त निवेदनावर असते, आणि येथे बाईंनी कमाल केली. त्यांनी पिशवीतून चित्रकार इझाबे याच्या प्रसिद्ध परिषदचित्राची प्लास्टिकच्या आवरणातली प्रत काढली आणि ती हातोहात फिरवली. उभा असलेला मेटर्निख, मध्यभागी बसलेला ब्रिटनचा कॅसलरे, टेबलावर हात टेकून निवांत बसलेला फ्रान्सचा तालेराँ आणि अगदी डाव्या कडेला, नुकताच आत आल्यासारखा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन. अशी भरगच्च बैठक प्रत्यक्षात चित्राबरहुकूम कधी झालीच नाही. सर्व प्रतिनिधींची पूर्ण सभा न भरताच परिषद पुढे सरकत राहिली आणि खरे काम समित्यांत, जेवणाच्या टेबलांवर आणि नाचाच्या दालनांच्या कोपऱ्यांत होत राहिले. पोलीसप्रमुख हागर यांचे हेर पाहुण्यांच्या कचऱ्याच्या टोपल्यांतले कागदाचे कपटे गोळा करून जोडत. नेपोलियन एल्बा बेटावरून निसटल्याची बातमी मार्च 1815 मध्ये येऊन थडकली, तरी काम थांबले नाही. 121 कलमांच्या अंतिम करारावर 9 जून रोजी, वॉटर्लूच्या लढाईला नऊ दिवस असताना, सह्या झाल्या.

नकाशे पुढे बदलले, सीमा पुसल्या गेल्या. टिकला तो 19 मार्च 1815 चा राजदूतांच्या दर्जाविषयीचा नियम, आणि बाईंनी त्यालाच सर्वाधिक वेळ दिला, हे मला फार आवडले. त्याआधी पंगतीत मानाचे पान कोणाचे यावरून दूतांमध्ये हमरीतुमरी होई. 1661 मध्ये लंडनमध्ये तर फ्रान्स आणि स्पेनच्या वकिलातींच्या माणसांत रस्त्यातच रक्तपात झाला होता. व्हिएन्नात ठरले की एका दर्जाच्या दूतांमध्ये ज्याने आपल्या आगमनाची अधिकृत सूचना आधी दिली तो आधी, मग त्याचा राजा कितीही मोठा असो. 1961 मध्ये याच शहरात झालेल्या राजनैतिक संबंधांच्या करारातही ज्येष्ठतेचे तत्त्व तारखेचेच राहिले. वकिलातीच्या आवारात यजमान देशाचे पोलीस परवानगीवाचून शिरू शकत नाहीत, हे आज बातम्यांत वारंवार ऐकू येणारे कलमही त्याच करारातले आहे.

फेरीचा शेवट हेरेनगासेवरील कॅफे सेंट्रलसमोर होतो. 1876 पासूनचे हे कॅफे, तेथे बुद्धिबळ खेळणारा रशियन क्रांतिकारक ट्रॉट्स्की, लाकडी दांडीला अडकवलेली वर्तमानपत्रे, कॉफीबरोबर न मागता येणारा पाण्याचा पेला, असे सगळे नेहमीचे सांगून होते. कॉफीगृहात एका पेल्यावर तासन्‌तास बसण्याची मुभा आणि मुत्सद्द्यांची अनौपचारिक बोलणी यांचा संबंध जोडणे सहज शक्य होते. तो जोडला गेला नाही. दारात रांग असेल तर येथे तिष्ठत उभे राहू नये. आसपासच्या साध्या कॉफीगृहांतही मेलांज ही दुधाची कॉफी मिळते, आणि तेथून उठवायला कोणी येत नाही.

मोठी उणीव अशी की फेरीतून 1955 नंतरचे शहर जवळजवळ निसटते. चार विजेत्या राष्ट्रांनी ऑस्ट्रियाला पुन्हा स्वातंत्र्य देणाऱ्या राष्ट्रकराराचा उल्लेख बालहाउसप्लात्झवर उभे राहूनच होतो, आणि तोही लोकप्रिय दंतकथेसह : परराष्ट्रमंत्री लिओपोल्ड फिगल यांनी बेल्वेडेर राजवाड्याच्या सज्जातून 'ऑस्ट्रिया स्वतंत्र आहे' अशी घोषणा केली, ही ती दंतकथा. ते शब्द 15 मे 1955 रोजी आतल्या संगमरवरी दालनात उच्चारले गेले. सज्जातून त्यांनी खाली जमलेल्या लोकांना करार दाखवला. इतक्या अभ्यासू व्यक्तीकडून ही चूक अपेक्षित नव्हती. वरच्या बेल्वेडेरला स्वतंत्रपणे जाणे हाच यावर उपाय. 'डी' क्रमांकाची ट्राम तेथे जाते. क्लिम्टच्या 'चुंबन' या चित्राकडे निघालेला लोंढा त्या चार राष्ट्रांचे परराष्ट्रमंत्री मोलोटोव्ह, डलेस, मॅकमिलन आणि पिने यांनी जेथे सह्या केल्या त्या तांबूस संगमरवराच्या दालनाकडे फारसे लक्ष देत नाही, त्यामुळे तेथे निवांत उभे राहता येते.

दुसरा पूरक भाग डॅन्यूबच्या पलीकडे आहे. यू-1 या भुयारी मार्गाने कैझरम्यूलेन स्थानकावर उतरले की वास्तुकार योहान श्टाबर यांचे वक्राकार मनोरे समोर दिसतात. 1979 मध्ये खुले झालेले हे संकुल ऑस्ट्रियाने संयुक्त राष्ट्रांना वर्षाला एक शिलिंग या नाममात्र भाड्याने 99 वर्षांसाठी दिले. तेव्हा संयुक्त राष्ट्रांचे महासचिव होते तेच वाल्डहाइम. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्था 1957 पासून याच शहरात आहे, आणि जुलै 2015 मध्ये इराणच्या अणुकार्यक्रमाविषयीचा करारही दीर्घ वाटाघाटींनंतर येथेच झाला. एकेकाळी इतरांचे भवितव्य ठरवणारी राजधानी आता इतरांना ते ठरवायला जागा देते. हा बदल या मनोऱ्यांखाली जसा दिसतो तसा हॉफबुर्गच्या आवारात दिसत नाही, म्हणून फेरीत या भागाला निदान पंधरा मिनिटांचे निवेदन तरी हवे होते.

एकूण पाचपैकी चार गुण. शुल्क वाजवी आहे, गट लहान असतो आणि कानात लावायच्या यंत्रामुळे रस्त्याच्या गोंगाटातही शब्द स्पष्ट ऐकू येतात. दगडी फरसबंदीवर बराच वेळ उभे राहावे लागते आणि बसायला जागा फारशा मिळत नाहीत, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आधी विचारून घ्यावे. राजवाड्यांच्या आतले वैभव पाहायचे असेल तर ही फेरी घेऊ नये. संयुक्त राष्ट्रांच्या संकुलात जाणार असाल तर ते कामकाजाच्या दिवशीच ठरवावे आणि पारपत्र बरोबर ठेवावे; ओळख पटवल्याशिवाय आत सोडत नाहीत.