छापखान्यांच्या इमारतीतले घर: शिकागोच्या प्रिंटर्स रोमधील लॉफ्ट-खरेदीचे परीक्षण

शिकागोच्या लूप या मध्यवर्ती व्यापारी भागाला लागून दक्षिणेकडे, डिअरबॉर्न रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, प्रिंटर्स रो ही लहानशी वस्ती आहे. मध्यम ऐपतीच्या माणसाला शहराच्या ऐन मध्यभागी मालकीचे घर घेता येईल, अशा जागा आता फार उरलेल्या नाहीत आणि ही त्यांपैकी एक आहे. आम्ही उभयतांनी तिथे ७ महिने घर शोधले, १४ घरे पाहिली, एका घराचा व्यवहार करारावर सह्या झाल्यानंतर सोडून दिला आणि अखेर दुसरे घर विकत घेतले. आमची मर्यादा ३ लाख डॉलरची होती. या शोधात हाती आलेले कागद, मोजमापे आणि हिशेब इतके उपयोगी ठरले की ते इथे सविस्तर मांडावेत असे वाटले.

या इमारतींची घडण समजली की त्यांचे गुण आणि दोष दोन्ही समजतात. वस्तीच्या दक्षिण टोकाला डिअरबॉर्न स्टेशनची मनोऱ्याची इमारत आहे. १८८५ साली हे स्थानक सुरू झाले आणि मालाची ने-आण सोयीची झाल्यामुळे छपाई, जुळणी आणि पुस्तकबांधणीचे व्यवसाय त्याच्या आसपास एकवटले. छपाईयंत्रे अवजड असल्यामुळे जमिनी भक्कम बांधाव्या लागल्या, आणि खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, जुळवणाऱ्या कामगारांना उजेड हवा असल्यामुळे इमारती अरुंद व लांबट ठेवून त्यांना मोठमोठ्या खिडक्या दिल्या गेल्या. पुढे छपाईचा धंदा इथून हलला, १९७१ मध्ये स्थानकावरची प्रवासी वाहतूकही थांबली, आणि रिकाम्या पडलेल्या या इमारतींचे १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून घरांमध्ये, म्हणजे लॉफ्टमध्ये, रूपांतर होऊ लागले. आज तिथे घर पाहायला गेल्यावर ज्या गोष्टी मन वेधून घेतात, म्हणजे उंच छत, उघडी वीट, जाड लाकडी खांब आणि भिंतभर खिडकी, त्या सगळ्या छापखान्याच्या गरजेतून आलेल्या आहेत. माणसांच्या राहण्याचा विचार त्यांत नंतर बसवला गेला.

माझे मुख्य म्हणणे याच्याशीच निगडित आहे. लॉफ्टमध्ये जे सुंदर दिसते, त्याच्याच देखभालीचे बिल पुढे येते. खिडकी मोठी असली की ती बदलण्याचा खर्च मोठा असतो आणि हिवाळ्यात तिच्याजवळची थंडीही जास्त जाणवते. विटांची दर्शनी भिंत शंभराहून अधिक वर्षांची असली की तिचे सांधे पुन्हा भरावे लागतात. शिवाय ८० फूट किंवा त्याहून उंच इमारतींच्या बाहेरच्या भिंतींची ठरावीक मुदतीने तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्याचे बंधन शिकागो महानगरपालिकेने घातलेले आहे, त्यामुळे हे काम अनिश्चित काळ पुढे ढकलताही येत नाही. म्हणून खोलीतल्या विटेचे कौतुक करण्याआधी, तीच वीट बाहेरच्या बाजूने कोण आणि कोणत्या पैशांतून दुरुस्त करणार आहे, हे विचारले पाहिजे.

घरांचे दोन प्रकार आमच्या पाहण्यात आले. पहिल्यात खांब, तुळया आणि जमीन लाकडाची असते. दिसायला हा प्रकार फार देखणा, आणि मला स्वतःला तो मनापासून आवडला होता, परंतु वरच्या मजल्यावर कोणी चालू लागले की पावले मोजता येतील इतका आवाज खाली येतो. दुपारी २ वाजता घर पाहिले तर हे कळत नाही, कारण त्या वेळी वरची माणसे कामावर असतात. आम्ही दुसऱ्या भेटीची वेळ मुद्दाम रात्री ८ नंतरची मागून घेऊ लागलो आणि त्या एका सवयीमुळे तीन घरे आमच्या यादीतून गळाली. दुसऱ्या प्रकारात खांब आणि छत काँक्रीटचे असते. त्यात पावलांचा आवाज बराच कमी येतो, मात्र छताखालून गेलेले नळ आणि हवेचे गोल पाइप उघडे असल्यामुळे त्यांतून येणारी घरघर सहन होते का, हे तिथे शांत उभे राहून ऐकावे लागते.

इमारत लांबट असल्याचा आणखी एक परिणाम घराच्या आखणीवर होतो. बहुतेक घरांना खिडक्या फक्त एका टोकाला असतात, त्यामुळे निजण्याची खोली मागे, अंधाऱ्या भागात येते. तिथवर उजेड आणि हवा पोहोचावी म्हणून तिच्या भिंती छतापर्यंत नेलेल्या नसतात. जाहिरातीत हिलाच बेडरूम म्हटलेले असते. एकट्या माणसाला किंवा सारख्या वेळा पाळणाऱ्या जोडप्याला याने फारसे बिघडत नाही, पण घरात लहान मूल असेल किंवा दोघांपैकी एक रात्रपाळीला जात असेल, तर दार लावूनही आवाज आणि दिवा अडवता येत नाही, ही गोष्ट आतील सजावटीच्या नादात विसरली जाते. क्षेत्रफळाबाबतही सावध राहावे. एका घराची जाहिरात १,१०० चौरस फुटांची होती, आणि आम्ही टेपने आतून मोजले तेव्हा ते ९८० भरले. फसवणुकीचाच हेतू असतो असे मी म्हणणार नाही, कारण भिंतींच्या आतून मोजायचे की बाहेरून, यावर आकडा बदलतो. मात्र दर चौरस फुटाचा भाव काढून दोन घरांची तुलना करायची असेल, तर स्वतःच्या मोजमापाखेरीज दुसरा आधार नाही.

आता सोडलेल्या व्यवहाराविषयी. ते पाचव्या मजल्यावरचे लाकडी खांबांचे घर होते, किंमत आमच्या मर्यादेत होती आणि मासिक असेसमेंट, म्हणजे इमारतीच्या खर्चातला मालकाचा वाटा, शेजारच्या इमारतींपेक्षा लक्षणीय कमी होता. आमच्या एजंटने हा कमी आकडा त्या घराचा मोठा गुण म्हणून सांगितला आणि आम्हीही तो तसाच मानला. शिकागोत घरखरेदीच्या करारात सहसा वकिलाच्या तपासणीसाठी काही दिवसांची मुदत ठेवलेली असते, आणि ती आम्हाला वाचवून गेली. कॉन्डोमिनियम किंवा कॉन्डो म्हणजे जिथे घर स्वतःचे आणि बाकी इमारत सर्व मालकांची सामाईक असते अशी इमारत; इलिनॉय राज्याच्या कॉन्डोमिनियम प्रॉपर्टी ॲक्टच्या कलम २२.१ नुसार, घराच्या पुनर्विक्रीत विक्रेत्याला इमारतीच्या मंडळाकडून काही कागद मिळवून ते मागणीनुसार खरेदीदाराला दाखवावे लागतात. त्यात इमारतीच्या मालकीच्या अटींचे घोषणापत्र आणि नियम असतात, मोठ्या दुरुस्त्यांसाठी साठवलेल्या राखीव निधीची स्थिती असते, गेल्या आर्थिक वर्षाचा ताळेबंद असतो, चालू असलेले दावे आणि विमा यांची माहिती असते, आणि चालू व पुढच्या दोन आर्थिक वर्षांत अपेक्षित असलेल्या मोठ्या खर्चांचे निवेदनही असते. आमच्या वकीलबाईंनी हे सगळे मागवलेच, शिवाय मागच्या दोन वर्षांच्या सभांची इतिवृत्तेही मागितली.

निवेदनात खिडक्या बदलणे आणि दर्शनी भिंतीची दुरुस्ती ही दोन कामे नोंदलेली होती आणि राखीव निधीत त्यांच्या निम्मेही पैसे नव्हते. इतिवृत्तांवरून असे दिसले की सलग तीन सभांत, बँकेचे कर्ज काढायचे की सर्व मालकांवर असेसमेंटखेरीज विशेष आकारणी बसवायची, एवढ्याच प्रश्नावर चर्चा झाली होती आणि निर्णय दर वेळी पुढे गेला होता. मालकीच्या टक्केवारीनुसार आमचा वाटा वकीलबाईंनी काढून दाखवला, तो ३१ हजार डॉलर आला. असेसमेंट कमी का होते, याचे उत्तर त्यातच होते, कारण ती इमारत कित्येक वर्षे स्वतःच्या भविष्याची तरतूदच करत नव्हती. त्या इमारतीत राहणारे लोक सज्जन होते, आणि मासिक खर्च वाढू नये असे त्यांना वाटणे स्वाभाविकही आहे, पण त्या इच्छेची किंमत शेवटी नव्या मालकाने चुकवायची होती. आम्ही मुदतीत व्यवहार रद्द केला आणि इसाऱ्याची रक्कम परत मिळाली.

राखीव निधीचा प्रश्न केवळ पैशांचा नाही. २४ जून २०२१ रोजी फ्लोरिडातील सर्फसाइड येथे चॅम्पलेन टॉवर्स साउथ ही १९८१ मध्ये बांधलेली १२ मजली कॉन्डो इमारत अंशतः कोसळली आणि ९८ माणसे मृत्युमुखी पडली. तिथे काँक्रीटच्या दुरुस्तीची गरज आधीच अहवालात नोंदलेली होती आणि खर्चावरून मालकांमध्ये दीर्घकाळ वाद चालू होता. या दुर्घटनेनंतर फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या गृहकर्जांना आधार देणाऱ्या संस्थांनी कॉन्डो इमारतींची छाननी कडक केली. आमच्या वेळी वार्षिक अंदाजपत्रकातील किमान १० टक्के रक्कम राखीव निधीसाठी ठेवलेली असावी आणि ६० दिवसांहून अधिक थकबाकी असलेली घरे १५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावीत, असे निकष होते. यात न बसणाऱ्या इमारतीत तुम्हाला कर्ज मिळणे अवघड होते, आणि पुढे विकायला काढल्यावर तुमच्या ग्राहकालाही तीच अडचण येते. त्यामुळे घर आवडल्यावर लगेच, प्रस्ताव देण्याच्याही आधी, कर्ज देणाऱ्या अधिकाऱ्याला इमारतीचे नाव सांगून विचारणे हिताचे आहे.

विक्रीच्या किमतीबाहेरचे खर्च थोडक्यात सांगते. शहराच्या हस्तांतरण करातला खरेदीदाराचा भाग दर ५०० डॉलरमागे ३.७५ डॉलर आहे, म्हणजे ३ लाखांच्या घराला २,२५० डॉलर होतात. कुक काउंटीत मालमत्ता कर एक वर्ष मागाहून भरला जातो, म्हणून व्यवहार पूर्ण होताना विक्रेत्याकडून त्याच्या काळातील कराची रक्कम वळती करून घ्यावी लागते. शहरातील मालमत्तांचे फेरमूल्यांकन दर तीन वर्षांनी होते आणि ते २०२४ मध्ये झाले, तेव्हा जुन्या बिलावर विसंबून पुढचा हिशेब मांडू नये. पार्किंगची जागा पुष्कळदा स्वतंत्र मालमत्ता म्हणून वेगळी विकली जाते आणि तिला स्वतःचा कर असतो. आम्ही ती घेतलीच नाही, कारण शहरी रेल्वेच्या रेड लाइनचे हॅरिसन स्थानक पायी काही मिनिटांवर आहे आणि गाडीविना दोन्ही कामाच्या जागा गाठता येतात. मध्यवस्तीत राहण्याचा जो खरा आर्थिक फायदा आहे तो मला इथेच दिसला.

आम्ही घेतलेले घर काँक्रीटच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर आहे. खिडक्या पूर्वेला आहेत आणि समोर दुसऱ्या इमारतीची भिंत असल्यामुळे थेट ऊन सकाळी दीड-दोन तासच येते. छत पहिल्या घरापेक्षा दोन फुटांनी खाली आहे. मासिक असेसमेंट त्या घराच्या जवळपास दीडपट आहे, पण त्यात हिवाळ्यातली उष्णता धरलेली आहे, खिडक्या सहा वर्षांपूर्वी बदललेल्या आहेत आणि घोषणापत्रात त्यांची जबाबदारी मालकांच्या संघाकडे असल्याचे स्पष्ट लिहिले आहे. हे शेवटचे वाक्य प्रत्येक खरेदीदाराने शोधून वाचावे, कारण काही इमारतींत खिडकी ही सामाईक मालकीची, पण एकाच घराच्या वापराची वस्तू ठरते आणि तिचा खर्च त्या एका मालकावर टाकता येतो.

सेवा देणाऱ्यांबद्दल माझे मत असे. वकीलबाईंच्या शुल्कातला प्रत्येक डॉलर सत्कारणी लागला. घर तपासणाऱ्या गृहस्थांनी फक्त आमच्या चार भिंती पाहण्याऐवजी आम्हाला छतावर आणि बॉयलरच्या खोलीत नेले, आणि हे त्यांच्या नेहमीच्या कामात बसत नसतानाही त्यांनी केले, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. एजंटने घरे तत्परतेने दाखवली, परंतु इमारतीच्या आर्थिक स्थितीविषयी स्वतःहून एकही प्रश्न विचारला नाही. ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराला घर दाखवण्याआधी एजंटशी लेखी करार करावा लागतो आणि त्यात मोबदला नमूद असतो. त्या करारावर सही करतानाच राखीव निधी, थकबाकी आणि नियोजित कामे यांची माहिती प्रस्तावाआधी मिळवून देण्याची अट आम्ही घालायला हवी होती.

राहायला आल्यावर पहिल्याच महिन्यात मालकांची वार्षिक सभा झाली. लिफ्टची यंत्रणा तीन वर्षांत बदलावी लागणार असल्याचे अभियंत्याने सांगितले, निधीत किती जमा आहे आणि दर महिन्याला किती भर पडते आहे याचा तक्ता खजिनदारांनी प्रत्येकाच्या हातात दिला, आणि असेसमेंटमध्ये ४ टक्के वाढ एका विरोधी मतासह मंजूर झाली. आम्ही वाढीच्या बाजूने मत दिले.