चौघांसाठी एकच बोर्ड : हवेने फुगवायच्या विंडसर्फिंग बोर्डाचा एका हंगामाचा अनुभव

पावसाळा सरून समुद्र निवळला, तेव्हापासून मे महिन्यापर्यंत हा बोर्ड आम्ही मालवणच्या चिवला किनाऱ्यावर वापरला. तो हवा भरून फुगवायचा असून, वर उभे राहून शिडाने वाऱ्यावर किंवा वल्ह्याने चालवता येतो. त्याची लांबी साडेदहा फूट, रुंदी ३४ इंच आणि जाडी ६ इंच असून शिडाचा मास्ट (उभा दांडा) बसवण्यासाठी वर आटे आहेत व खाली मध्यभागी एक जादा फिन (पाण्यात बुडून राहणारे उभे पाते) लावता येते. घरात शिडावर हात बसलेला मी एकटाच. पत्नीला वल्हे घेऊन निवांत फिरायला आवडते, मुलगी शीड शिकते आहे आणि धाकट्याला बोर्डावरून पाण्यात उड्या मारण्यापलीकडे कशातच रस नाही.

निव्वळ शिडासाठी फायबरचा टणक बोर्ड सरसच, हे आधी मान्य करतो. परंतु तो गाडीच्या टपावर बांधून न्यावा लागतो आणि पडताना मुलांचे गुडघे व हनुवटी त्यावर आपटतात. आमचा बोर्ड गुंडाळून डिकीत मावतो. १५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) पर्यंत हवा भरताना शेवटच्या काही मिनिटांत मात्र दंड भरून येतात.

खरेदीपूर्वी बहुतेक जण किती लिटरचा (म्हणजे किती आकारमानाचा) बोर्ड आहे, एवढेच विचारतात. माझ्या मते त्याहून महत्त्वाची आहे ती मधली फिन. शिडावरचा वाऱ्याचा जोर बोर्डाच्या मध्याजवळ येतो, तर नेहमीची फिन अगदी मागे असते. त्यामुळे मधला आधार नसेल, तर बोर्ड आडवा सरकत राहतो आणि शिकणारा वाऱ्याबरोबर किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पोहोचतो. मधली फिन लावल्यावर मुलगी थोड्याच सरावाने वाऱ्याला तिरके धरून निघाल्या जागी परतू लागली. तिच्यासाठी अडीच चौरस मीटरचे शीड पुरते, मला साडेचारचे लागते. केवळ वल्हवायचे असेल, तर ही फिन काढलेलीच बरी, आणि ओहोटीला खडक उघडे पडतात तेव्हा ती काढावीच लागते.

दुपारनंतरचे खारे वारे इथे साधारण वायव्येकडून, किनाऱ्याच्या दिशेने तिरके येतात, त्यामुळे चुकलेला माणूस वाळूकडेच ढकलला जातो. पहाटेचे मतलई वारे याच्या नेमके उलट. पाणी गुळगुळीत दिसते, पण वारा खोल समुद्राकडे नेतो. म्हणून सकाळी आमच्याकडे फक्त वल्हे, तेही कंबरभर पाण्यात, आणि शीड दुपारीच. लाइफ जॅकेट दोन्ही वेळा.

उणिवा आहेतच. वारा १५ नॉटच्या (ताशी सुमारे २८ किलोमीटरच्या) पुढे गेला की मास्टच्या पायाशी बोर्ड किंचित वाकतो आणि पाण्यावर उचलला जाण्याऐवजी रेटत राहतो. उन्हात वाळूवर ठेवल्यास आतली हवा तापून दाब वाढतो. सावली नसेल तर थोडी हवा सोडावी. मास्टच्या आट्यांत वाळू अडकते, म्हणून गोड्या पाण्याने धुताना तिथे जुना टूथब्रश फिरवावा लागतो. शिवणी व झडप अजून शाबूत आहेत.

वेगाची ओढ असलेल्या एकट्या माणसाने हा बोर्ड घेऊ नये. आम्ही मात्र पुढच्या हंगामासाठी दुसरा बोर्ड न घेता, मुलीसाठी साडेतीन चौरस मीटरचे शीड तेवढे घेणार आहोत.