मोकळ्या शिवारात कोणती लेन्स? पावसाळा ते उन्हाळा, वापरानंतरचा अनुभव

कॅननच्या २००डी मार्क २ कॅमेऱ्यासोबत १८-५५ आणि ५५-२५० एमएम अशा दोन झूम लेन्स मिळाल्या (एमएमचा आकडा लहान तितकं दृश्य रुंद, मोठा तितकं दूरचं जवळ). ५० एमएम एफ/१.८ नंतर वेगळी घेतली (एफचा आकडा लहान तितका उजेड जास्त). अंबाजोगाई, रेणापूर, नळदुर्ग या पट्ट्यात पावसाळ्यापासून भर उन्हाळ्यापर्यंत तिन्ही वापरल्या. आता माझं मत पक्कं आहे: मराठवाड्याच्या मोकळ्या मुलखात एकच लेन्स न्यायची तर ती ५५-२५०.

नव्या माणसाला सगळे सांगतात, निसर्गाच्या फोटोला वाइड लेन्स हवी. सह्याद्रीत ते खरं असेल, तिथं डोंगर अंगावर येतात. आपल्या बालाघाटाच्या रांगा बुटक्या आणि लांबलचक. १८ ला फोटो काढला की वर आभाळ, खाली काळं रान आणि मधे डोंगराची नुसती रेघ. तेच मागं सरकून २०० च्या पुढं झूम करा. उभी ज्वारी, बांधावरची बाभळ, गुरांमागं चाललेला माणूस आणि पलीकडचा डोंगर असे सगळे एकमेकांजवळ येतात. ही किमया खरं तर लांब उभं राहण्याची आहे, लेन्स तेवढाच तुकडा उचलून मोठा दाखवते. आणि मागं सरकायला आपल्याकडं जागाच जागा!

या कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे फोटो टिपणारा भाग, मोठ्या ‘फुल फ्रेम’ सेन्सरपेक्षा लहान आहे; अशा क्रॉप सेन्सरमुळं २५० म्हणजे फुल फ्रेमच्या हिशेबानं ४०० एमएम. वजन फक्त ३७५ ग्रॅम, त्यामुळं दिवसभर रान तुडवलं तरी मान भरून येत नाही. हिवाळ्यात पैठणच्या नाथसागर जलाशयावर फ्लेमिंगो दूर पाण्यात उतरतात तेव्हा मात्र ही लेन्सही कमी पडते. तिथं अख्खा थवा आणि पाणी घ्यावं, एकेका पक्ष्याचा नाद सोडावा.

उन्हाळ्याचं नीट समजून घ्या. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा हलायला लागते आणि दूरचं सगळं थरथरतं. शटर १/२००० सेकंदावर ठेवा, स्टॅबिलायझेशन (हात हलल्याचा परिणाम कमी करणारी सोय) चालू ठेवा, तरी कडा मऊच येणार. दोष मधल्या हवेचा असतो, महागडी लेन्ससुद्धा तिथं काही करू शकत नाही. म्हणून एप्रिल-मे महिन्यात लांबचे फोटो उजाडल्यावर पहिल्या तासाभरातच उरका. नंतर जवळचं टिपा.

१८-५५ घरी पडून राहते असं नाही. वेरूळच्या १६ नंबरच्या लेणीत, कैलासाच्या आवारात, मागं सरकायला कातळ आड येतो. तिथं १८ लाच मंदिर फ्रेममध्ये मावतं. नळदुर्गात नर-मादी धबधबे जवळून घ्यायचे तरी हीच.

५० एमएम क्रॉपवर ८० सारखी वागते, बाजाराच्या बोळात फारच अरुंद वाटते. तिला स्टॅबिलायझेशनही नाही, त्यामुळं शटर १/१०० सेकंदापेक्षा हळू मी ठेवत नाही. पण दिवेलागणीला ओसरीवर बसलेल्या आज्जीचे फोटो तिच्यामुळंच मिळाले. झूम लेन्सच्या एफ/५.६ च्या मानानं हिच्या १.८ ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. ते फोटो मला या साऱ्या काळातले सगळ्यात मोलाचे वाटतात.

काढणीच्या दिवसांत रानात फुपाटा उडतो, तेव्हा लेन्स बदलू नका, घरूनच ठरवून लावून निघा. ५५-२५० चा हूड (लेन्सच्या तोंडावर बसणारं, उन्हाची आड करणारं कडं) वेगळा विकत मिळतो, तो घ्याच. सकाळ-संध्याकाळचं तिरपं ऊन काचेवर आलं की फोटो पांढरट पडतो.