पेंटॅक्स ६४५झेड की निकॉन डी८५०? फोकस पॉइंटपुरतं बोलूया
दोन्ही कॅमेरे; फोकस पॉइंट म्हणजे फ्रेममधल्या ज्या ठिकाणांवर कॅमेरा आपोआप फोकस करू शकतो ती. पेंटॅक्समध्ये २७ पॉइंट, निकॉनमध्ये १५३. पण खरा फरक आकड्यापेक्षा जागेचा आहे. पेंटॅक्सचा सेन्सर (चित्र टिपणारी चिप) ४३.८ × ३२.८ मिमी, क्षेत्रफळाने फुलफ्रेमच्या, म्हणजे निकॉनमधल्या सेन्सरच्या, दीडपटीहून मोठा; तरी सगळे पॉइंट मधोमध दाटीवाटीने बसलेले. उभ्या पोर्ट्रेटमध्ये डोळा फ्रेमच्या वरच्या भागात येतो आणि तिथे पॉइंटच नसतो. मग मधल्या पॉइंटवर फोकस लॉक करून कॅमेरा वळवावा लागतो. ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) पूर्ण उघडं असेल तर स्पष्ट दिसणारा पट्टा फार अरुंद असतो, आणि तेवढ्यानेही फोकस डोळ्यावरून कानाकडे सरकतो! निकॉनचे पॉइंटही कडांपर्यंत पोचत नाहीत, पण बरेच पसरलेले आहेत. माणसं टिपायची तर मी बेलाशक निकॉन घेईन. ट्रायपॉडवरच्या निसर्गचित्रांना मात्र पेंटॅक्सच. लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात) झूम करून हाताने फोकस करायचा.